काट्याची अर्धी गोष्ट

तर झालं असं, की गेल्या भाऊबीजेला आम्ही सगळे साताऱ्याला मावशीकडे जमलो होतो. फराळ झाला, पत्ते झाले, आणि संध्याकाळी आमचा भाचा लंगडत आला. दोन दिवसांपूर्वी शेतात बाभळीचा काटा पायात मोडला होता आणि पठ्ठ्याने कोणाला सांगितलंच नव्हतं. तळपाय लाल, टम्म सुजलेला, हात लावला तर गरम. बहिणीचा जीव खालीवर. डॉक्टरांकडे नेलं, काटा काढला, धनुर्वाताचं इंजेक्शन झालं, पोरगं घरी येऊन पुन्हा चकल्यांवर तुटून पडलं. आणि मग मला नेहमीप्रमाणे राहवलं नाही. सगळ्यांना गोळा करून मी मेच्निकॉफच्या काट्याची गोष्ट सांगितली. सूज म्हणजे शत्रू नाही, शरीराने पाठवलेली फौज आहे, वगैरे. गोष्ट रंगली. भाचा तर आपल्या सुजलेल्या पायाकडे अभिमानाने बघायला लागला.

कोपऱ्यात मावशी बसली होती. तिला सहा वर्षांपासून आमवात आहे, ज्याला डॉक्टर ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस म्हणतात. ती काही बोलली नाही.

संक्रांतीला फोन केला तर म्हणाली, "अरे, यंदा लाडू वळता आले नाहीत. मूठच मिटत नाही." खोदून विचारल्यावर कळलं की दिवाळीपासून तिने गोळ्या बंद केल्या होत्या. का? "तूच म्हणालास ना, सूज हे शरीराचं काम आहे म्हणून. म्हटलं, मग दाबायची कशाला?"

त्या रात्री मला झोप लागली नाही. मी खोटं काही सांगितलं नव्हतं, पण गोष्ट जिथे रंगते तिथेच थांबवली होती. म्हणून आज ती पहिल्यापासून शेवटपर्यंत लिहून काढतोय. मावशीसाठी, आणि दिवाळीत ऐकणाऱ्या बाकी मंडळींसाठीही.

सुरुवात रोममध्ये करू. इसवी सनाच्या पहिल्या शतकात सेल्सस नावाच्या माणसाने लॅटिनमध्ये एक ज्ञानकोश लिहिला, त्यातला वैद्यकाचा भाग तेवढा टिकला. तो स्वतः वैद्य होता की नुसताच लेखक, यावर विद्वान अजून भांडतात. पण दाहाची चार लक्षणं त्याने अशी नेमकी लिहिली की आजही वैद्यकाच्या पहिल्या वर्गात तीच पाठ करतात: रूबोर, टूमोर, कालोर, डोलोर. म्हणजे लाली, सूज, उष्णता, वेदना. भाच्याच्या पायात चारही हजर होती. पुढे 'अवयव काम करेनासा होतो' हे पाचवं लक्षण जोडलं गेलं. ते गेलनचं म्हणून पुष्कळ ठिकाणी लिहिलेलं असतं, पण त्याचं श्रेय बहुधा एकोणिसाव्या शतकातल्या फिर्खोकडे जातं. पाचवं लक्षण मला तेव्हा किरकोळ वाटायचं. मावशीच्या न मिटणाऱ्या मुठीने त्याचं महत्त्व कळलं.

आपल्याकडे सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात सतरावा अध्याय आहे, 'आमपक्वैषणीय'. नाव अवघड आहे, विषय अगदी घरगुती: सूज कच्ची आहे की पिकलेली, हे ओळखायचं कसं? कच्ची सूज म्हणजे थोडी, टणक, कातडीच्याच रंगाची, दुखणं मंद. पिकत असताना सुया टोचल्यासारखं, मुंग्या चावल्यासारखं, विंचू डसल्यासारखं दुखतं, बसवत नाही की झोपवत नाही, ताप येतो, तहान लागते, अन्न नको होतं. पिकून झाली की ठणका कमी होतो, कातडीला सुरकुत्या पडतात, खाज सुटते, बोटाने दाबलं तर खळगा पडतो आणि पुन्हा भूक लागते. ज्याला कधी गळू झालंय त्याने हे वाचून बघावं. शब्दाशब्दाला मान हलते!

आणि पुढची गोष्ट महत्त्वाची. जो वैद्य अज्ञानाने कच्ची सूज कापतो आणि जो पिकलेलीकडे दुर्लक्ष करतो, त्या दोघांनाही सुश्रुत सारख्याच कडक शब्दांत झापतो. म्हणजे सूज चांगली की वाईट, हा त्याचा प्रश्नच नाही. ती आत्ता कुठल्या टप्प्यावर आहे आणि म्हणून आत्ता काय करायचं, हा त्याचा प्रश्न आहे. आपली आजी "अजून पिकलं नाही, हात लावू नको, पोटीस बांध" म्हणायची, ते याच घराण्यातलं ज्ञान. शब्दसुद्धा तोच, पक्व आणि पिकलेलं.

युरोपात मात्र याच निरीक्षणाचा पुढे अतिरेक झाला. जखमेत दाट पांढरा पू झाला म्हणजे ती भरून येणार, अशी समजूत पक्की झाली. अशा पुवाला चक्क 'प्रशंसनीय पू' म्हणायचे! मग पू होत नसेल तर तो व्हावा म्हणून जखमेत काहीबाही भरायचे. तेराव्या-चौदाव्या शतकात इटलीतला थिओडोरिक आणि फ्रान्समधला आंरी द माँदव्हील यांनी ओरडून सांगितलं, की अरे, जखम स्वच्छ करा आणि मिटवा, पू आणण्याची काही गरज नाही. फारसं कोणी ऐकलं नाही.

आता थेट १७६१ मध्ये येऊ. इंग्रजांनी फ्रान्सच्या किनाऱ्याजवळचं बेल-ईल हे बेट घेतलं, तेव्हा सैन्याबरोबर जॉन हंटर नावाचा एक सर्जन होता. गोळी लागली की जखम चिरून मोठी करायची, आत बोटं घालून गोळी शोधायची, अशी तेव्हाची रीत. काही जखमी फ्रेंच सैनिक एका शेतघरात लपून बसले होते, त्यांच्यावर कोणीच उपचार केले नव्हते. हंटरने पाहिलं तर ते लोक उपचार झालेल्यांपेक्षा बरे होते! हे त्याच्या डोक्यात बसलं. त्याचं रक्त, दाह आणि बंदुकीच्या जखमा यांवरचं पुस्तक तो वारल्यावर १७९४ मध्ये छापून आलं. त्यात त्याने म्हटलं, की दाह हा स्वतः रोग नव्हे, इजा झाल्यावर शरीराने केलेलं ते हितकारक कार्य आहे.

हे वाक्य जगभर गाजलं. पण त्याच पुस्तकात तो असंही म्हणतो, की जिथे हे कार्य आपला हेतू साधू शकत नाही, तिथे ते नुकसान करतं. हा उत्तरार्ध सहसा कोणी सांगत नाही. मीही सांगितला नव्हता.

हंटरनंतर लंबक एकदम दुसऱ्या टोकाला गेला. पॅरिसमध्ये ब्रूसे नावाचा डॉक्टर म्हणायला लागला, की सगळ्या रोगांच्या मुळाशी दाहच आहे, विशेषतः पोटाचा आणि आतड्यांचा. उपाय? रक्त काढा, उपाशी ठेवा, जळवा लावा. जळवांचं असं वेड लागलं की १८३३ या एका वर्षात फ्रान्सने चार कोटींहून जास्त जळवा आयात केल्या! मग प्येर लुई नावाच्या शांत माणसाने एक साधी गोष्ट केली. त्याने रोगी मोजले. न्यूमोनियाच्या रोग्यांचं रक्त लवकर काढलं की उशिरा, त्यांतले किती जगले, किती दिवसांत बरे झाले, असे तक्ते मांडले. १८३५ मध्ये त्याचं पुस्तक आलं, आणि रक्त काढण्याचा जो बोलबाला होता त्या मानाने उपयोग फारच थोडा निघाला. दाह हा मित्र म्हणून पू आणणारे आणि शत्रू म्हणून रक्त काढणारे, दोघांनीही माणसं मारली. दोघांची खात्री मात्र पक्की होती.

पण आत नेमकं चालतं काय, हे कोणीच पाहिलं नव्हतं. ते नीट दाखवलं युलियस कोनहाइमने १८६७ मध्ये. तेव्हा तो अवघा अठ्ठावीस वर्षांचा होता. त्याने बेडकाच्या आतड्यांना धरून ठेवणारा पातळ पडदा पसरून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला. उघड्या हवेत राहिल्यानेच त्या पडद्याला दाह सुरू होतो. कोनहाइम तासन् तास डोळा लावून बसला. आधी रक्तवाहिन्या रुंदावल्या, प्रवाह जोरात वाहू लागला, मग मंदावला. पांढऱ्या पेशी मधली धार सोडून कडेला येऊ लागल्या आणि वाहिनीच्या भिंतीला फरशीसारख्या चिकटल्या. मग भिंतीच्या बाहेरच्या बाजूला एक बारीक टेंगूळ आलं, ते मोठं होत गेलं, आणि अखेर अख्खी पेशी भिंतीतून पार होऊन बाहेर पडली. एकामागून एक. पू म्हणतात तो यांचाच. दोन-तीन जणांना हे आधी ओझरतं दिसलं होतं, पण कोनहाइमने ते पुराव्यानिशी मांडलं. गंमत म्हणजे पुवाच्या पेशी जागच्या जागीच तयार होतात असं खुद्द त्याचे गुरू फिर्खो मानत होते, आणि शिष्याचा निबंध छापून आला तो गुरूच्याच नियतकालिकात. (असे गुरू हवेत.)

सेल्ससच्या चार लक्षणांचा अर्थ आता लागला. वाहिन्या रुंदावतात, रक्त जास्त येतं, म्हणून लाली आणि उष्णता. भिंती पाझरतात, पाणी बाहेर येतं, म्हणून सूज. त्या दाबाने आणि तिथे तयार होणाऱ्या रसायनांनी मज्जातंतू चेतवले जातात, म्हणून वेदना. याचा छोटा प्रयोग घरी करता येतो. हातावरून नख जरा जोराने ओढा. आधी लाल रेघ, मग आजूबाजूला पसरलेली लाली, आणि काहींना रेघेवर फुगवटाही येतो. इंग्लंडच्या टॉमस लुईसने १९२७ मध्ये या तिहेरी प्रतिक्रियेवर मोठं पुस्तक लिहिलं, नखाच्या एका रेघेवरून!

आणि आता माझा लाडका काटा. इल्या मेच्निकॉफ हा रशियातला प्राणिशास्त्रज्ञ. ओडेसाच्या विद्यापीठातली नोकरी सोडून १८८२ मध्ये बायको आणि तिची धाकटी भावंडं यांना घेऊन तो सिसिलीतल्या मेसिना गावी जाऊन राहिला. एकदा घरचे सगळे सर्कशीतली माकडं बघायला गेले आणि हा एकटा सूक्ष्मदर्शकापाशी बसला. समोर समुद्रताऱ्याच्या अळ्या, काचेसारख्या पारदर्शक, आत हिंडणाऱ्या पेशी दिसतायत. एकदम मनात आलं, या पेशी पाहुण्याचा समाचार घेण्यासाठीच असतील तर? बागेत जाऊन त्याने गुलाबाचे काटे आणले आणि अळ्यांच्या कातडीखाली खुपसले. त्या रात्री त्याला झोप आली नाही. सकाळी बघतो तर काट्याभोवती पेशींचा गराडा.

यातली खोच अशी, की समुद्रताऱ्याच्या अळीला रक्तवाहिन्याच नसतात. म्हणजे लाली नाही, उष्णता नाही. तरी मूळ काम चालूच! त्यावरून त्याने ठरवलं, की दाहाचा गाभा म्हणजे भटक्या पेशींनी परक्या गोष्टीवर धावून जाणं आणि तिला गिळणं. बाकी सगळा फौजफाटा उत्क्रांतीत मागाहून आला. या भक्षक पेशींच्या शोधासाठी त्याला १९०८ चं नोबेल मिळालं, पॉल एअर्लिखबरोबर विभागून.

या मेच्निकॉफचा ओडेसातला एक विद्यार्थी आपल्या चांगल्या ओळखीचा आहे, वाल्डेमार हाफकिन. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला. जांघेत, काखेत गाठी यायच्या, म्हणून आपल्याकडे त्याला गाठीचा ताप म्हणत. ती गाठ म्हणजे तरी काय, जंतू अडवणाऱ्या लसिकाग्रंथींचा भयंकर दाह. हाफकिनने ग्रँट मेडिकल कॉलेजमधल्या छोट्याशा जागेत प्लेगचे जंतू वाढवून, तापवून मारून लस केली आणि १० जानेवारी १८९७ ला ती पहिल्यांदा स्वतःला टोचून घेतली. ताप आला, अंग दुखलं. मुद्दाम ओढवून घेतलेला, मापात ठेवलेला दाह! परळच्या संस्थेला १९२५ पासून त्याचं नाव आहे.

दिवाळीत मी इथे थांबलो होतो. टाळ्याही मिळाल्या होत्या.

पण मावशीच्या सांध्यात काटा नाही. तिथे जंतूही नाही. तरीही पांढऱ्या पेशी धावून येतात, वाहिन्या पाझरतात, चारही लक्षणं हजर होतात. सांध्याचं अस्तर जाड होतं आणि कूर्चा व हाड कुरतडायला लागतं. काटा निघाला की भाच्याच्या पायातली फौज परत गेली. इथे काढायला काही नाहीच, त्यामुळे फौजेला परत बोलावणार कोण? हंटर म्हणाला होता ते हेच, हेतू साधू न शकणारं कार्य.

अमेरिकेत मेयो क्लिनिकमध्ये फिलिप हेंच नावाच्या डॉक्टरला एक विचित्र गोष्ट दिसली होती. आमवाताच्या रोग्याला कावीळ झाली किंवा बाईला दिवस गेले, की सांधे तेवढ्यापुरते बरे होतात. शरीरातच काहीतरी लगाम घालणारं असणार, असा त्याचा तर्क. २१ सप्टेंबर १९४८ ला एका २९ वर्षांच्या, जेमतेम हलू शकणाऱ्या बाईला त्याने कॉर्टिसोनचं पहिलं इंजेक्शन दिलं. आठवड्याभरात ती स्वतःच्या पायांनी खरेदीला गेली! दोनच वर्षांनी, १९५० मध्ये, हेंचला नोबेल मिळालं. पण तोवर दुसरी बाजूही दिसू लागली होती. चेहरा सुजतो, हाडं ठिसूळ होतात, मन ताळ्यावर राहत नाही, औषध थांबवलं की दुखणं परत, आणि सगळ्यात वाईट म्हणजे जंतूंना मोकळं रान.

पुढची गोष्ट लंडनची. १९९२ मध्ये फेल्डमन आणि मैनी यांनी आमवाताच्या रोग्यांवर एक नवं औषध वापरून पाहिलं. ते दाहाचा फक्त एक निरोप्या, टीएनएफ नावाचा रेणू, अडवायचं. सांध्यांची सूज झपाट्याने उतरली. पण २००१ मध्ये बातमी आली की ही औषधं घेणाऱ्या काहींना क्षयरोग होतोय. कारण ऐकण्यासारखं आहे. जुना, झोपलेला क्षयाचा जंतू फुफ्फुसात पेशींच्या तटबंदीत कोंडलेला असतो, आणि ती तटबंदी टिकवायला टीएनएफच लागतो. सांधा कुरतडणारा आणि क्षयाला कोंडून ठेवणारा निरोप्या एकच! म्हणून अशी औषधं सुरू करण्याआधी डॉक्टर क्षयाची तपासणी करून घेतात.

२०१७ मध्ये हृदयविकाराचीही अशीच कथा समोर आली. झटका येऊन गेलेल्या दहा हजारांवर लोकांमध्ये, कोलेस्टेरॉलला हात न लावता, फक्त दाह कमी करणारं औषध देऊन बघितलं. पुन्हा झटका वगैरे येण्याचं प्रमाण सुमारे १५ टक्क्यांनी घटलं, म्हणजे रक्तवाहिन्यांतला संथ दाह खरोखरच दोषी होता. पण त्याच लोकांत जीवघेण्या जंतुसंसर्गाचं प्रमाण वाढलं, आणि एकूण मृत्यूंत लक्षणीय फरक पडला नाही.

आणि करोना तर आपण सगळ्यांनीच पाहिला. जून २०२० मध्ये इंग्लंडच्या मोठ्या चाचणीचा निकाल आला, की डेक्सामेथासोन या जुन्या, स्वस्त स्टेरॉइडने व्हेंटिलेटरवरच्या रोग्यांचे मृत्यू एक तृतीयांशाने आणि ऑक्सिजनवरच्यांचे एक पंचमांशाने कमी झाले. ज्यांना ऑक्सिजनची गरज नव्हती त्यांना काही फायदा झाला नाही. औषध तेच, रोग तोच, टप्पा तेवढा वेगळा. २०२१ च्या दुसऱ्या लाटेत ते सरसकट घेतलं गेलं, साखर वाढली, आणि महाराष्ट्रात काळ्या बुरशीने किती जणांचे डोळे आणि जबडे नेले ते आठवतंच. कच्चं कापणारा आणि पिकलेलं सोडून देणारा, दोघांना सारखंच झापणारा सुश्रुत मला तेव्हा नुसता वाचायला माहीत होता.

असो. संक्रांतीनंतर मी सुट्टी काढून साताऱ्याला गेलो आणि मावशीला डॉक्टरांकडे घेऊन गेलो. डॉक्टर रागावले नाहीत, त्याने मला जास्तच वाईट वाटलं. गोळ्या पुन्हा सुरू झाल्या. दोन-अडीच महिन्यांनी सूज उतरली, मूठ मिटायला लागली. उजव्या हाताचं एक बोट मात्र वाकडंच राहिलं. सांध्यातलं हाड एकदा झिजलं की ते परत येत नाही, असं डॉक्टर म्हणाले. तीन महिन्यांचा तो हिशोब.

परतीच्या वाटेवर रिक्षात मी मावशीला म्हटलं, "माझी चूक झाली गं." ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "म्हणजे ती काट्याची गोष्ट खोटी होती का?"

"नाही गं, खरी आहे. पण काटा असला तर."

"मग तेवढं तेव्हाच सांगायचं ना," ती म्हणाली. आणि मग, "पोराला आवडली होती पण गोष्ट."

भाचा आता ही गोष्ट शाळेत सांगत असतो, असं बहीण म्हणते. या दिवाळीत त्यालाही पुढची अर्धी सांगायची आहे. मावशीने लाडू वळायची तयारी आत्तापासूनच जाहीर केली आहे, नऊ बोटांनी वळते म्हणते :)

मावशी, तू हे वाचणार आहेस, म्हणून इथेच विचारतो. आज रविवार. आठवड्याची गोळी घेतलीस का?